इझाबायांचा अर्धा तास

इझाबाय नाही म्हणायला शिकल्या असत्या, तर गिरगावातल्या खोताच्या वाडीतला निम्मा नाताळ झालाच नसता. हे मी निव्वळ कौतुकाने म्हणत नाही. माणसाने अधूनमधून नाही म्हणावं, तब्येतीला बरं असतं. मी लग्न होऊन त्या वाडीत आले तेव्हा समोरच्या लाकडी घरात ही ठेंगणी, गोल बांध्याची, पन्नाशी उलटलेली विधवा बाई एकटीच राहत होती. पूर्ण नाव इझाबेल परेरा. मुलगा बोटीवर नोकरीला, तो वर्ष-दोन वर्षांनी उगवायचा. घराच्या मागच्या अंगणात विटांची भट्टी होती. केक भाजता येईल अशी भट्टी आमच्या बाजूला तेवढी एकच, आणि इझाबायांच्या आयुष्याचं वाटोळं त्या भट्टीने केलं असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं.

सासूबाईंना सगळी वाडी माई म्हणे. आम्ही पाठारे प्रभू, तीन पिढ्या त्याच घरात. माई आणि इझाबाय सव्वीस वर्षांच्या शेजारणी. दोघींचं रोज भांडण होई आणि रोज कालवणाची वाटी इकडून तिकडे जाई.

डिसेंबर लागला की इझाबायांच्या दाराशी रांग लागे. कोणी मैदा घेऊन येई, कोणी अंडी, कोणी रममध्ये भिजवलेल्या मनुकांची बरणी. "इझाबाय, आमचं तेवढं घालाल का?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "त्यात काय गो." पलीकडच्या गल्लीतल्या जोश्यांना गुपचूप बिनअंड्याचा केक लागे. त्यात काय गो. गाणाऱ्या मंडळींचे झगे आखूड झालेले असत, ते उसवून लांब करायचे. त्यात काय गो. देवळातल्या गव्हाणीत मांडायचा मातीचा मेंढपाळ होता, त्याची मान दर वर्षी न चुकता मोडे, आणि ती चिकटवण्याचं कामही कुणास ठाऊक का इझाबायांकडेच असे. त्या लोकांत चर्चला देऊळच म्हणतात, हे मला तिथेच कळलं. पिठाचा हात कपाळाला लावून आठवण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे सबंध डिसेंबर त्यांच्या कपाळावर पांढरा पट्टा असे, आणि तो पाहून माई म्हणत, "ही बया दर नाताळात शैव होते."

स्वयंपाकघराच्या दारावर येशूची तसबीर होती. तिच्याशी त्यांचं बोलणं चाले, तेही घरच्या माणसाशी बोलावं तसं. "थांब बाबा जरा, एवढा घाणा काढते नि आलेच." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. घाण्यामागून घाणा निघे, आणि तसबिरीतला बिचारा थांबलेलाच असे. जपमाळ त्या अंडी फेटताना ओढत. दहा मण्यांच्या जागी तेरा प्रार्थना होत आणि बारा अंड्यांच्या जागी चौदा अंडी पडत. मी एकदा हे दाखवून दिलं तर म्हणाल्या, "प्रार्थना जास्ती झाली तर देव रागवत नाय गो. अंडं जास्ती झालं तर केक रागावतो. म्हणून मी लक्ष अंड्यांवर ठेवते."

मी हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं आणि मला पाटावर बसवून एक गोष्ट सांगितली. नाताळच्या रात्री बाराच्या मिसेला त्या लग्नापासून न चुकता जात होत्या. मिसा म्हणजे त्यांची देवळातली मोठी उपासना. त्या रात्री बारा वाजता घंटा वाजतात, सगळे गुडघ्यावर येतात, येशूचा जन्म होतो. आणि सव्वीस नाताळ झाले, त्या वेळी इझाबाय गाढ झोपलेल्या असत. महिनाभर भट्टीपुढे उभं राहून देवळातल्या बाकाला पाठ टेकली रे टेकली की संपलं. नवरा होता तोवर कोपर मारून उठवायचा, पण तोवर येशू जन्मून गेलेला असे.

"सव्वीस वर्षं गो," त्या म्हणाल्या. "त्याच्या वाढदिवसाचा केक मी करते, नि तो येतो तेव्हा मी घोरते. उद्या मेल्यावर त्याच्यासमोर उभी राहीन. तो विचारील, बाय, तुला कुठं पाहिलं नाय मी. काय सांगू? केक कुणी केला ते विचार म्हणून सांगू?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांची अंडी मोजून दिली.

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि देवळात एक नवे, तरुण फादर आले होते. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना ते आगमनकाळ म्हणतात. त्याच्या पहिल्याच रविवारी फादर म्हणाले, की कामाच्या गर्दीत आपण ज्याच्यासाठी काम करतो त्यालाच विसरतो, तेव्हा रोज अर्धा तास शांत बसा, बोलू नका, फक्त त्याची वाट पाहा. बाकीच्यांनी हे ऐकलं आणि घरी जाऊन जेवले. इझाबायांनी मनावर घेतलं. रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसायची सवय झाली तर त्या रात्रीही झोप लागणार नाही, असा त्यांचा हिशेब.

पहिल्या दिवशी त्या निजायच्या खोलीत दार लावून बसल्या. सात जणींनी दार वाजवलं, आठवीने खिडकीतून मैदा आत दिला. दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन बसल्या, तर तिथल्या सेवेकऱ्याने "बऱ्या भेटलात" म्हणून वेदीवरची वस्त्रं इस्त्रीला दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, मांडीवर गजराचं घड्याळ ठेवलं आणि माईंना हाक मारून सांगितलं, "माई, चारपासून साडेचारपर्यंत मी कोणाशी बोलणार नाय. कोण आलं तर तेवढं सांगा."

"म्हणजे मौन," माई म्हणाल्या.

"मौन नाय, जरा गप बसणार."

"त्यालाच मौन म्हणतात. मग नीट कर की. व्रत धरायचं तर नेमाने धरावं."

इथे सगळं बिघडलं. माईंनी आयुष्यात सोळा सोमवारांपासून जिवतीच्या शुक्रवारापर्यंत काही सोडलेलं नव्हतं. मौन कसं करतात हे इझाबायांना माहीत नसणार, हे त्यांनी गृहीतच धरलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली, चौरंग आला. पुढे समई आली. समईला इझाबायांची हरकत नव्हती, पण मौनाच्या दिवसांत मासे बंद असं माईंनी जाहीर केलं तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या.

"माई, येशूने स्वतः लोकांना मासे वाटलेत."

"त्यांनी वाटले, तू खाऊ नको. तीन आठवडे तर आहेत."

स्वतः माई त्या दिवशी बोंबील खाऊन आल्या होत्या, पण व्रत त्यांचं नव्हतं.

चारच्या ठोक्याला माई पायरीवर काठी घेऊन बसत. कोणी वाडीत शिरलं की ओरडत, "गप्प! इझाचं मौन चाललंय!" कोणी विचारलं कसलं मौन, तर ते समजावून सांगत. त्या अर्ध्या तासात इझाबाय सोडून सगळी वाडी बोलत असे. त्यातही सर्वात जास्त माई.

मग बायका येऊन समोर बसू लागल्या. मौन सुटल्यावर तोंडातून निघणारा पहिला शब्द खरा होतो, असं माईंच्या कुठल्याशा आत्याने त्यांना सांगितलं होतं, आणि माईंनी ते फक्त आपल्या दोघी-तिघी मैत्रिणींच्या कानावर घातलं होतं. पाचव्या दिवशी एक बाई मुलीच्या सोयरिकीचं मनात धरून येऊन बसली. घड्याळाचा गजर झाला. इझाबायांनी डोळे उघडले, नाक वर केलं, "करपलं" म्हणाल्या आणि भट्टीकडे धावल्या. त्या बाईचा चेहरा पांढराफटक. माईंनी धीर दिला खरा, पण सोयरीक त्याच आठवड्यात फिसकटली. मुलगा पितो असं निघालं. मग काय विचारता, दुसऱ्या दिवशी आठ बायका, त्यातल्या दोघी परळहून.

"गो सूनबाय," इझाबाय मला म्हणाल्या, "डोळे मिटले की मना येशू दिसायला हवा. मना ह्यांची लग्नं दिसतात."

मी म्हटलं, माईंना सांगून टाका. त्या म्हणाल्या, "ती माझ्यासाठी एवढी काठी घेऊन बसते. तिला कसं सांगू?" नाही म्हणता न येणं म्हणतात ते हे.

आणि मग सावंत आला. सावंत लालबागचा, गिरणीत कामाला. त्याची बहीण वाडीच्या तोंडाशी राही, म्हणून पाळी सुटली की आमच्या बाजूला चळवळीची पत्रकं चिकटवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने एका संध्याकाळी हे दृश्य पाहिलं. चौरंग, समई, डोळे मिटलेली ख्रिस्ती बाई, समोर खाली माना घालून बसलेल्या बायका.

"ही बाय कित्याक गप बसली आसा?" त्याने माईंना विचारलं.

नेमक्या त्याच दिवशी फादरांनी माईंना आपला आवाज कमी करायची नम्र विनंती केली होती. माईंनी रागाने ओठावर बोट ठेवलं आणि काही सांगितलं नाही. सावंताला एवढं पुरलं. त्या दिवसांत कोणी उपाशी राहिलं, गप्प बसलं किंवा जोरात शिंकलं, तरी ते मुंबईसाठीच असं आम्ही सगळे धरून चालत होतो. त्यातून, ह्या ख्रिस्ती लोकांना मुंबई महाराष्ट्रात नको आहे अशी कुजबुज काही ठिकाणी चाले, आणि इथे तर खोताच्या वाडीतली बाई चौरंगावर बसली होती. सावंताला भरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक चांगली रंगवलेली फळी आणून व्हरांड्याच्या कठड्याला बाहेरून बांधली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी मौन. ख्रिस्ती भगिनीचा निर्धार." इझाबायांचे डोळे मिटलेले, आणि अक्षरं रस्त्याच्या बाजूला. दोन दिवस त्यांना पत्ता नव्हता. मी फळी पाहिली होती. सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण आमचे हे त्या चळवळीत होते आणि घरात मी नवी होते.

तिसऱ्या दिवशी वाडीत पन्नास-साठ माणसं उभी होती. बहुतेक गिरणीतले, पाळी संपवून तसेच आलेले, कपड्यांना कापूस चिकटलेला. एकाच्या हातात हार. कुणीतरी घोषणा दिली आणि इझाबायांनी डोळे उघडले.

त्यांनी हार पाहिला. माणसं पाहिली. सावंताने हात जोडून सांगितलं, "बाय, मुंबईसाठी तुमी मौन धरल्यात, आमका लय अभिमान वाटता. चार शब्द बोला."

मी आमच्या दारात उभी होते. नाही म्हणता न येणारी बाई आता सभेपुढे भाषण करणार, आणि तिला सभा कसली तेही माहीत नाही. इझाबायांनी मांडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या तासातली अठरा मिनिटं उरली होती. त्यांनी पुन्हा एकवार सगळ्यांकडे पाहिलं, मान हलवून "नाही" अशी खूण केली आणि डोळे मिटून घेतले. माझ्या देखत त्यांनी कुणाला दिलेला हा पहिला नकार.

माईंनी काठी उचलली, पण गरज पडली नाही. त्या माणसांना हुतात्म्यांसाठी उभं राहायची सवय होती. सावंताचा मावसभाऊ गोळीबारात गेला होता. त्याने टोपी काढली, मान खाली घातली, आणि त्याच्यामागे सगळे तसेच उभे राहिले. अठरा मिनिटं. खोताच्या वाडीत मी नऊ वर्षं राहिले, इतकी शांतता पुन्हा कधी ऐकली नाही. माईसुद्धा गप्प होत्या.

गजर झाला. पहिला शब्द ऐकायला बायका पुढे सरसावल्या. इझाबायांनी कठड्यावरून वाकून फळी उलटी वाचली, मग सुलटी वाचली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मुंबई कुणाची ते मग बघू. ह्या गिरगावात माझ्या आज्याचं भाताचं शेत होतं, त्याला कुणी विचारलं नाय. मी देवासाठी बसले होते. आता मना बारा घरांची कलकलं करायची हायेत नि माझे हात दोनच. ज्यांना ज्यांना मुंबई हवी, त्यांनी हात धुवून आत या."

कलकल म्हणजे गोड कणकेच्या बारक्या गोळ्या, कोऱ्या फणीच्या दात्यांवर दाबून वळायच्या, तळायच्या आणि साखरेच्या पाकात घोळायच्या. शिंपल्यासारख्या दिसतात. करायला वेळखाऊ आणि खायला एका घासाच्या. त्या संध्याकाळी इझाबायांच्या स्वयंपाकघरात, व्हरांड्यात आणि माईंच्या ओट्यावर पन्नास गिरणीकामगार फण्या घेऊन कलकल वळत बसले. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडणारी बोटं ती, त्यांना काय अवघड? सावंत तर असा काही वेग धरून वळत होता की इझाबायांनी त्याला विचारलं, दर वर्षी येशील का. वाटेने जाताना फादरांनी आत डोकावलं आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "इझाबेल, मी शांत बसायला सांगितलं होतं. मोर्चा काढायला नव्हे."

जाताना सावंत ओशाळून फळी सोडायला लागला. इझाबायांनी सोडू दिली नाही. "चांगली जाड हाय, केक निवत ठेवायला होईल." त्या नाताळचे आमच्या बाजूचे सगळे केक मुंबईसाठीच्या मौनावर निवले.

रात्री भांडी आवरताना मी माफी मागितली, फळीचं सांगितलं नाही म्हणून. त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं नाय सांगितलंस. इतके दिवस मी एकटीने शोधत होते गो. आज त्या अठरा मिनिटांत तो आला होता. एवढ्या माणसांत येऊन उभा होता." मग घासलेलं पातेलं पुन्हा एकदा घासलं.

कलकलांचं काम उरकल्यामुळे पुढचे दिवस हलके गेले, पण खरी परीक्षा चोवीस तारखेची होती. त्या दिवशी माईंनी कमालच केली. दुपारी जेवण झाल्या झाल्या त्यांनी इझाबायांना निजायच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. केक न्यायला येणाऱ्यांना केक दिले. कुणाचा डबा कुणाचा ते तोंडपाठ. झग्याला टाके घातले. मेंढपाळाची मान मोडून आली, ती चिकटवली, थोडी वाकडी लागली, त्या नाताळात तो माईंकडेच पाहत असल्यासारखा दिसे. पासष्टीची बाई दुपारपासून रात्रीपर्यंत एकदा खाली बसली नाही. मी म्हटलं, माई, तुम्ही जरा टेका. तर म्हणाल्या, "व्रताची सांगता आहे. सांगतेला कोण टेकतं?"

इझाबाय पाच तास झोपून उठल्या तेव्हा ताज्यातवान्या दिसत होत्या. तरी भीती होतीच. त्यांनी मला सोबत चल म्हटलं. डोळा लागतोसा वाटला तर चिमटा काढायचा, असं माझं काम. माई कसल्या मागे राहतात. एवढे दिवस राखलेल्या मौनाचं फळ बघायला त्या नऊवारी शालू नेसून आल्या.

त्या नाताळानंतर आठ वर्षांनी ह्यांना शिवाजी पार्कला जागा मिळाली आणि आम्ही वाडी सोडली. इझाबायांना मी नंतरही भेटत राहिले, त्या थकल्या तेही पाहिलं. पण त्यांचं नाव निघालं की मला त्या देवळातल्या बाकावरच दिसतात.

बाकावर माई, मग इझाबाय, मग मी. भाषा लॅटिन, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. मी चिमट्यासाठी हात तयार ठेवून इझाबायांच्या डोळ्यांकडे पाहत होते. डोळे टक्क उघडे. पावणेबारा झाले. बाराला पाच मिनिटं उरली. त्या पुढे सरकून बसल्या, गुडघे टेकायच्या तयारीत. सव्वीस वर्षांनी त्या पहिल्यांदा जाग्या होत्या.

तेवढ्यात माईंची मान कलली आणि इझाबायांच्या खांद्यावर आली. माई घोरू लागल्या. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली.

घंटा वाजल्या. सगळं देऊळ गुडघ्यावर गेलं. इझाबाय हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर माई बाकावर आडव्या झाल्या असत्या. मी लाजेने मेले. ज्या क्षणासाठी हा सारा खटाटोप, तो माझ्या सासूबाईंनी घोरून घालवला होता. मी माईंना उठवायला हात पुढे केला. इझाबायांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे गो," त्या हळूच म्हणाल्या. त्यांची नजर समोर वेदीकडेच होती, गालांवरून पाणी वाहत होतं. "दमलीय ती. त्याने मना सव्वीस वर्षं उठवलं नाय."